लस घेतली तरी ऍडमिट व्हावं लागलं, मग लसीचा उपयोग काय झाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लू, कोविड, आरएसव्ही (तान्ह्या बाळांना आणि म्हाताऱ्यांना छातीत घेणारा व्हायरस) आणि न्यूमोकोकस या बॅक्टेरियाचा न्यूमोनिया, छातीत उतरणारे आणि माणसाला हॉस्पिटलपर्यंत नेणारे मुख्य आजार हेच, आणि चौघांवरही लस आहे. तरी दर सीझनला तेच तेच प्रश्न येतात, त्यातले बरेचसे रास्त असतात आणि काही व्हॉट्सऍपवरून उचललेले असतात. सगळ्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय, म्हणजे प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात करायला नको.

बाबांनी लस घेतली होती, तरी न्यूमोनिया होऊन ऍडमिट झाले. म्हणजे लस फेल गेली ना?

ऍडमिट होणं टळलं नाही हे खरंच आहे, तेवढ्यापुरती लस कमी पडली. पण गोष्ट तिथे संपत नाही. ऍडमिट झाल्यावर पुढे बरंच काही व्हायचं बाकी असतं, ऑक्सिजन लागेल का, आयसीयूत न्यावं लागेल का, व्हेंटिलेटर लागेल का, आणि माणूस घरी येईल का. या प्रत्येक टप्प्यावर लस घेतलेला आणि न घेतलेला यांच्यात फरक पडतो, आणि तो मोजून पाहिलेला आहे. लस घेतली की काहीच होणार नाही असं कुणी सांगितलं असेल तर त्याने चुकीचं सांगितलं, कारण या आजारांवरच्या लसींचं मुख्य काम आजार जीवावर बेतू नये हे आहे. सर्दीताप अजिबात होऊ नये ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

"गंभीर आजार" म्हणजे नक्की काय धरतात? नुसता ताप जास्त आला तर तो गंभीर का?

नाही, आपण घरी ज्याला "खूपच आजारी" म्हणतो आणि अभ्यासात ज्याला गंभीर म्हणतात ते वेगळं असतं. चार दिवस १०३ ताप, अंग मोडून आलं, अंथरुणातून उठवत नव्हतं, हे सगळं अभ्यासाच्या भाषेत सौम्य किंवा मध्यमच. गंभीर म्हणजे ऑक्सिजन उतरणं, जास्त प्रेशरने ऑक्सिजन द्यावा लागणं, बायपॅप (घट्ट मास्कमधून प्रेशरने हवा देणारं मशीन), आयसीयू, घशात नळी घालून व्हेंटिलेटर, बीपी टिकवायला औषधं चालू ठेवावी लागणं, किडनीसारखा दुसरा अवयव बंद पडणं आणि मृत्यू.

म्हणून लसीचा कुठलाही आकडा कानावर आला की आधी विचारायचं, हा आकडा कशापासूनच्या संरक्षणाचा आहे. त्याच लसीचा लागणीपासूनचा आकडा ३० असू शकतो आणि व्हेंटिलेटरपासूनचा ८०, आणि दोन्ही खरे असतात. निम्मी भांडणं इथेच होतात, एकजण लागणीबद्दल बोलत असतो आणि दुसरा मृत्यूबद्दल.

बरं, मग ऍडमिट झालेल्या कोविड पेशंटमध्ये फरक किती दिसला?

याचा चांगला अभ्यास २०२१ मध्ये अमेरिकेत झाला, १८ राज्यांतली २१ हॉस्पिटलं, मार्च ते ऑगस्ट, साडेचार हजारांच्या आसपास ऍडमिट झालेली मोठी माणसं. कोविडने ऍडमिट होण्यापासून एमआरएनए लसीचं (फायझर, मॉडर्ना या प्रकारच्या) संरक्षण साधारण ८५ टक्के निघालं. पण मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. जे कोविडने ऍडमिट झालेच, त्यांच्यातही लस घेतलेल्यांपैकी १२ टक्के लोक व्हेंटिलेटरपर्यंत गेले किंवा वारले आणि न घेतलेल्यांपैकी जवळजवळ २५ टक्के. वय, जुने आजार वगैरेचा हिशेब धरल्यावर ही शक्यता साधारण एक तृतीयांशावर आली.

मग व्हेरियंट बदलले. अल्फा, डेल्टा, ओमायक्रॉन अशी तुलना करणारा अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यात ऍडमिट होण्यापासून दोन डोसचं संरक्षण अल्फा आणि डेल्टाला ८५ टक्के आणि ओमायक्रॉनला ६५ पर्यंत उतरलेलं दिसलं, तिसरा डोस घेतलेल्यांमध्ये ते परत ८६ वर गेलं. आणि ऍडमिट झाल्यावर आजार किती चढतो ते पाहिलं तर तिन्ही व्हेरियंटमध्ये लस घेतलेल्यांचा आजार हलका होता, फक्त ओमायक्रॉनमध्ये ही दरी आधीपेक्षा कमी झालेली होती.

व्हेंटिलेटर आणि मृत्यू एवढंच बघितलं तर मार्च २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात एकूण संरक्षण ९० टक्के निघालं, आणि ओमायक्रॉनच्या काळात तीन डोस घेतलेल्यांमध्ये ९४. बाहेर "ओमायक्रॉनपुढे लस चालत नाही" असा गलका चालू होता तेव्हाचा हा आकडा आहे.

ते जुने आकडे झाले. आता तर लसीचं संरक्षण ४५ टक्केच आहे असं ऐकतो?

बरोबर ऐकलंय. २०२४-२५ च्या कोविड लसीचं ६५ च्या पुढच्या लोकांमध्ये ऍडमिट होण्यापासूनचं संरक्षण ४५ च्या आसपास मोजलं गेलं. पण तुलना कुणाशी केली ते बघा ना. २०२१ मध्ये समोर होता अजिबात लस न घेतलेला आणि बहुतेक वेळा कोविड न झालेला माणूस. आता समोर आहे फक्त त्या वर्षीचा डोस न घेतलेला माणूस, ज्याने आधी तीनचार डोस घेतलेत आणि ज्याला एकदोनदा कोविड होऊनही गेलाय. म्हणजे हे ४५ टक्के आधीच असलेल्या संरक्षणाच्या वर मिळालेलं जास्तीचं संरक्षण आहे. ८५ आणि ४५ शेजारी शेजारी ठेवून "लस निम्मी झाली" म्हणणं चूक आहे, दोन वेगळ्या प्रश्नांची ती उत्तरं आहेत. तरुण धडधाकट माणसाला या जास्तीच्या ४५ टक्क्यांचा फारसा फरक पडत नाही कारण मुळात त्याची ऍडमिट होण्याची शक्यताच कमी, आणि ८० वर्षांच्या सीओपीडीवाल्याला, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट आजार असलेल्याला, बराच पडतो.

फ्लूच्या लसीचं काय? ती तर अर्धीच चालते म्हणतात.

हो, फ्लूची लस कोविडच्या सुरुवातीच्या लसींइतकी जोरदार कधीच नव्हती. व्हायरस आणि लस यांचा मेळ बसलेल्या वर्षी आजारपणाची शक्यता ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते, आणि मेळ चुकला की पार खाली येते, २०१४-१५ मध्ये एच३एन२ हा फ्लूचा प्रकार बदलला आणि अमेरिकेत एकूण संरक्षण १९ टक्क्यांवर आलं होतं. लसीतले स्ट्रेन सीझनच्या कितीतरी महिने आधी ठरवावे लागतात आणि तोवर व्हायरस थांबून राहत नाही, त्यामुळे हे होत राहणार.

तरीही ऍडमिट झालेल्यांमध्ये फरक दिसतोच. न्यूझीलंडमध्ये २०१२ ते २०१५ या काळातल्या पेशंटचा अभ्यास झाला, त्यात फ्लूने ऍडमिट झालेल्या मोठ्या माणसांपैकी लस घेतलेल्यांची आयसीयूत जाण्याची शक्यता ५९ टक्क्यांनी कमी होती, आणि जे आयसीयूत गेले त्यांच्यातही लस घेतलेले सरासरी चार दिवस लवकर बाहेर आले. आयसीयूतले चार दिवस म्हणजे काय ते ज्यांच्या घरचं कुणी आत होतं त्यांना सांगायला नको. नंतर २०२१ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून हिशेब केला तेव्हा फरक जरा कमी निघाला, आयसीयूची शक्यता २६ टक्क्यांनी कमी आणि मृत्यूची ३१ टक्क्यांनी कमी. मी स्वतः हा दुसरा आकडाच धरून चालतो, एकाच देशातल्या अभ्यासापेक्षा तो जास्त भरवशाचा.

२६ आणि ३१ टक्के म्हणजे काहीच नाही हो. एवढ्यासाठी दरवर्षी सुई टोचून घ्यायची?

इथे जरा थांबून हिशेब करू, कारण हाच सगळ्यात जास्त चुकीचा समजला जाणारा मुद्दा आहे.

३१ टक्के हा आकडा फक्त ऍडमिट झालेल्यांमधला आहे. पण लसीमुळे जे ऍडमिटच झाले नाहीत, घरी गोळ्या घेऊन बरे झाले, ते या हिशेबात कुठे आहेत? कुठेच नाहीत, ते हॉस्पिटलात आलेच नाहीत तर मोजणार कोण. लसीचा मोठा फायदा दाराच्या बाहेरच होऊन गेलेला असतो आणि आपण आत बसून उरलेला मोजत असतो.

समजायला कल्पनेतले आकडे घेऊ. लस न घेतलेल्या १० हजार लोकांपैकी २०० ऍडमिट झाले आणि त्यातले ४० वारले, म्हणजे ऍडमिट झालेल्यांपैकी २० टक्के. लस घेतलेल्या तेवढ्याच लोकांपैकी १०० ऍडमिट झाले आणि १४ वारले, म्हणजे १४ टक्के. आता २० चे १४ झाले, फक्त ३० टक्क्यांनी कमी, काय विशेष. पण दहा हजार माणसं धरून बघा, तिकडे ४० गेले आणि इकडे १४, म्हणजे मृत्यू ६५ टक्क्यांनी कमी झाले. लस तीच, माणसं तीच, नुसतं कुठे उभं राहून मोजलं यावर आकडा ३० होतो की ६५.

यात अजून एक मेख आहे. लस घेऊनही जे ऍडमिट होतात ते बऱ्याचदा जास्त वयाचे, जास्त आजारी, किंवा इम्युनिटी दबलेली माणसं असतात, कारण लस घेतलेले धडधाकट लोक ऍडमिटच होत नाहीत. न घेतलेल्यांमध्ये मात्र चाळिशीतले ठणठणीत लोकही असतात. म्हणजे आत होणारी तुलना मुळात लसीच्या विरुद्ध झुकलेली असते, आणि तरीही लस घेतलेल्यांचं बरं चाललेलं दिसतं. संशोधक वय आणि जुने आजार धरून हे सरळ करायचा प्रयत्न करतात पण सगळंच काही कागदावर पकडता येत नाही.

आमच्या ओळखीच्या नर्स म्हणाल्या की वॉर्डात निम्म्याहून जास्त पेशंट लस घेतलेलेच आहेत. मग?

त्या खोटं बोलत नाहीयेत, तसं असूच शकतं. समजा एका गावात १००० म्हातारी माणसं आहेत, ९०० जणांनी लस घेतलीय आणि १०० जणांनी नाही. न घेतलेल्यांपैकी १० टक्के ऍडमिट झाले, म्हणजे १० जण. घेतलेल्यांपैकी फक्त २ टक्के, म्हणजे १८ जण. वॉर्डात २८ पेशंट आणि त्यातले १८ लस घेतलेले, जवळजवळ दोन तृतीयांश! आणि तरी लसीने धोका ८० टक्क्यांनी कमी केलाय. आणि समजा सगळ्या गावानेच लस घेतली असती तर वॉर्डातले झाडून सगळे पेशंट लस घेतलेलेच दिसले असते. वॉर्डात कोण किती आहेत हे बघून काही कळत नाही, गावात कोण किती होते तेही लागतं. हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या फॉरवर्डची हवा निघून जाते.

पण लस घेणारी माणसं मुळातच तब्येतीला जपणारी असतात, म्हणून ती वाचत असतील. लसीचं क्रेडिट कशाला?

शंका एकदम योग्य आहे आणि संशोधकांनाही ती असतेच. जो माणूस वेळेवर लस घेतो तो डॉक्टरकडेही वेळेवर जातो, शुगरच्या गोळ्या चुकवत नाही, दम लागला तर अंगावर काढत नाही. उलटंही होतं, फार आजारी माणसाला घरचे आग्रहाने लस देऊन आणतात.

यावर तोडगा म्हणून हॉस्पिटलमधल्या अभ्यासात एक पद्धत वापरतात. ताप, खोकला, दम अशी सारखीच लक्षणं घेऊन ऍडमिट झालेले सगळे घ्यायचे आणि सगळ्यांची टेस्ट करायची. ज्यांची त्या व्हायरससाठी पॉझिटिव्ह आली ते एका बाजूला, निगेटिव्ह आली, म्हणजे दुसऱ्याच कशाने आजारी पडले, ते दुसऱ्या बाजूला. मग दोन्हीकडे लस घेतलेल्यांचं प्रमाण किती ते बघायचं. दोन्हीकडचे लोक आजारी पडल्यावर हॉस्पिटलात येणारेच आहेत, त्यामुळे जपणारा विरुद्ध निष्काळजी हा फरक बराच धुऊन निघतो. लस काम करत असेल तर पॉझिटिव्ह गटात लस घेतलेले कमी सापडतात. सगळा पूर्वग्रह जातो असं नाही, पण नुसती वॉर्डातली डोकी मोजण्यापेक्षा कितीतरी बरं.

एक जास्तीची भानगड कोविडमध्ये झाली. पाय मोडून आलेल्याचीही टेस्ट व्हायची आणि पॉझिटिव्ह आली की तो "कोविडचा पेशंट" म्हणून मोजला जायचा. ओमायक्रॉनच्या लाटेत असे बरेच झाले, आणि अशांना धरून मोजलं की लसीचा आकडा उगाच खाली येतो कारण त्यांचा कोविड मुळात गंभीर नव्हताच. म्हणून अभ्यास वाचताना ऍडमिट कशासाठी झाले होते ते बघायचं.

लागण होऊ देते पण मरू देत नाही, हे लसीला जमतं कसं?

लागण अडवायची तर व्हायरस नाकाघशात उतरतो तिथेच, त्याच क्षणी भरपूर अँटिबॉडी हजर पाहिजेत. दंडात घेतलेल्या लसीने रक्तात अँटिबॉडी चांगल्या होतात, नाकाच्या आतल्या अस्तरावर तेवढ्या नाही, आणि रक्तातल्याही काही महिन्यांत उतरतात. त्यामुळे लागण होते.

पण लस मागे मेमरी सेल सोडून जाते, बी सेल आणि टी सेल. त्यांना कामाला लागायला काही दिवस लागतात, पण नवख्या शरीरापेक्षा लवकर. टी सेल व्हायरस घुसलेल्या पेशी ओळखून मारतात आणि त्या व्हायरसचे असे भाग ओळखतात जे व्हेरियंट बदलला तरी फारसे बदलत नाहीत. कोविडमध्ये फुफ्फुसं बिघडायला लागतात ती लक्षणं सुरू झाल्यावर साधारण आठवड्याने, म्हणजे मेमरीला जागं व्हायला वेळ मिळतो. फ्लू त्यापेक्षा घाईचा आहे, दोनतीन दिवसांत माणूस आडवा, आणि वर त्याचा बाहेरचा भाग सतत बदलत असतो. फ्लूच्या लसीचे आकडे कोविडपेक्षा का कमी याचं थोडं उत्तर यात आहे.

संरक्षण किती दिवस टिकतं?

लस घेतल्यावर तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, त्या आधी आजारी पडलात तर लसीला दोष देऊ नका. मग फ्लूचं संरक्षण एका सीझनभरातच महिन्यागणिक उतरत जातं. कोविडमध्ये लागणीपासूनचं लवकर उतरतं, ऍडमिट होण्यापासूनचं हळूहळू, आणि व्हेंटिलेटर नि मृत्यूपासूनचं सगळ्यात शेवटी. क्रम लक्षात ठेवला तरी पुरे.

घरात किमो चालू आहे / किडनी बदललेली आहे. अशा पेशंटला लस लागू पडते का?

पडते, पण कमी. कोविडच्या एमआरएनए लसीचा आकडा देतो, ऍडमिट होण्यापासून दोन डोसचं संरक्षण नॉर्मल इम्युनिटीवाल्यांमध्ये ८२ टक्के आणि इम्युनिटी दबलेल्यांमध्ये ६९. तिसऱ्या डोसनंतर ९७ आणि ८८. म्हणजे अशा लोकांना एक डोस जास्तीचा द्या असं डॉक्टर म्हणतात ते उगाच नाही. किमोच्या कुठल्या टप्प्यावर लस द्यायची, स्टेरॉइड किंवा बी सेल मारणारी औषधं चालू असतील तर किती अंतर ठेवायचं, हे त्यांच्या डॉक्टरलाच विचारा, इथे वाचून ठरवू नका. आणि घरातल्या बाकीच्यांनीही लस घ्या, कारण आजार घरात आणणारे आपणच असतो.

आरएसव्ही ही काय नवीन भानगड आहे?

व्हायरस जुनाच आहे, तान्ह्या बाळांना आणि म्हाताऱ्यांना छातीत घेतो. नवीन आहे ती लस, अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाली. कितीतरी वर्षं अडलं होतं कारण व्हायरसचं एफ प्रोटीन, म्हणजे पेशीत घुसायचं त्याचं हत्यार, घुसण्याआधी एका आकारात असतं आणि नंतर आकार बदलतं, आणि चांगल्या अँटिबॉडी आधीच्या आकाराविरुद्ध बनतात. तो आकार जागच्या जागी धरून ठेवायचं तंत्र सापडलं आणि लस झाली.

६० च्या पुढच्या लोकांमध्ये पहिल्या सीझनला ऍडमिट होण्यापासून ७५ टक्के संरक्षण मोजलं गेलं. मग दोन सीझनचा मिळून हिशेब केला तर ५८ निघालं, पहिल्या सीझनला ६९ आणि दुसऱ्याला ४८. उतरतंय, पण ही एकच डोसची लस आहे आणि दुसऱ्या वर्षीही निम्म्याच्या आसपास काम करतेय, हे वाईट म्हणता येणार नाही. गरोदरपणात आईने घेतली तर बाळाला जन्मापासून अँटिबॉडी मिळतात, ट्रायलमध्ये पहिल्या ९० दिवसांत बाळाच्या गंभीर आजारापासून जवळजवळ ८२ टक्के संरक्षण दिसलं.

न्यूमोनियाची लस घेतली म्हणजे न्यूमोनिया होणारच नाही ना?

होऊ शकतो. ती लस न्यूमोकोकस या एका बॅक्टेरियाच्या ठराविक प्रकारांवर आहे, आणि न्यूमोनिया पन्नास कारणांनी होतो. नेदरलँड्समध्ये ६५ च्या पुढच्या ८४ हजारांहून जास्त लोकांवर मोठी ट्रायल झाली, त्यात लसीत असलेल्या प्रकारांच्या न्यूमोनियापासून ४६ टक्के आणि त्याच प्रकारांच्या रक्तात पसरणाऱ्या गंभीर आजारापासून ७५ टक्के संरक्षण मिळालं. इथेही तेच, आजार जेवढा भयंकर तेवढा लसीचा आकडा मोठा. आणि फ्लूनंतर मागाहून न्यूमोकोकस घुसणं हे जुनंच दुखणं आहे, त्यामुळे दोन्ही लसी घेतलेल्या बऱ्या.

हार्टच्या पेशंटला फ्लूची लस घ्यायला सांगतात, छातीचा हार्टशी काय संबंध?

फार मोठा संबंध आहे. फ्लू पक्का झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकची शक्यता सहा पट होते असं कॅनडातल्या २०१८ च्या अभ्यासात दिसलं. अंगात सूज, रक्त गोठायची वाढलेली प्रवृत्ती, ऑक्सिजन कमी, हृदय धावतंय, जुनी ब्लॉकेज असेल तर तिथे मग फाटतं. "फ्लूने वारला" असं सर्टिफिकेटवर येत नाही, अटॅकने असं येतं.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी ट्रायल सांगतो. अटॅक येऊन ऍडमिट झालेल्या अडीच हजारांच्या आसपास लोकांना हॉस्पिटलमध्येच ७२ तासांच्या आत अर्ध्यांना फ्लूची लस आणि अर्ध्यांना नुसतं सलाइनचं इंजेक्शन दिलं, कोणाला काय दिलं हे कुणालाच माहीत नाही. वर्षभरात सलाइनवाल्यांपैकी ४.९ टक्के वारले आणि लसवाल्यांपैकी २.९. ही चिठ्ठ्या टाकून केलेली ट्रायल आहे त्यामुळे "तब्येतीला जपणारे लोक" वाली शंका इथे चालत नाही. एका स्वस्त इंजेक्शनचा हा परिणाम, तरी डिस्चार्जच्या वेळी किती जणांना लस दिली जाते ते बघा आणि नवल करा.

मग ऍडमिट असतानाच लस घेता येते? की पूर्ण बरं होईपर्यंत थांबायचं?

ताप आणि आजार जोरात असताना थांबतात. स्थिर झालात, घरी जायची तयारी चालू आहे, तर बहुतेकांना डिस्चार्जआधी देता येते, आणि ती वेळ साधलेली चांगली कारण "नंतर घेऊ" म्हणालेले फारसे परत येत नाहीत. पण चालू असलेल्या आजारावर लस हे औषध नाही, फ्लू झाल्यावर फ्लूची लस घेऊन तो फ्लू लवकर बरा होत नाही. त्यासाठी ओसेल्टामिव्हिरसारखी औषधं आहेत आणि ती जितक्या लवकर तितकी चांगली, शक्यतो ४८ तासांत, ऍडमिट पेशंटला उशीर झाला असला तरी देतात.

लहान मुलं?

अमेरिकेत २०१० ते २०१४ मध्ये फ्लूने गेलेल्या मुलांचा अभ्यास झाला, एरवी निरोगी असलेल्या मुलांमध्ये लसीने मृत्यूचा धोका ६५ टक्क्यांनी आणि आधीपासून काही आजार असलेल्यांमध्ये ५१ टक्क्यांनी कमी केला होता. गरोदर बायकांमध्ये फ्लूने ऍडमिट होण्याचा धोका सरासरी ४० टक्क्यांनी कमी होतो, आणि बाळालाही पहिले काही महिने आईच्या अँटिबॉडी पुरतात.

म्हाताऱ्यांसाठी हाय डोसवाली फ्लूची लस असते, ती घेतलीच पाहिजे का?

मिळत असेल तर घ्या, पण तिच्यासाठी अडून बसू नका. चौपट डोसच्या लसीने ६५ च्या पुढच्या लोकांमध्ये साध्या लसीपेक्षा २४ टक्के जास्त संरक्षण दिलं हे २०१४ मध्ये दिसलं होतं. पण डेन्मार्कमध्ये ३ लाख ३० हजारांहून जास्त लोकांवर ट्रायल झाली, २०२५ मध्ये निकाल आला, आणि फ्लू किंवा न्यूमोनियाने ऍडमिट होण्यात दोन्ही लसींमध्ये खात्रीने सांगावा असा फरक निघाला नाही. म्हणजे मोठी उडी लस न घेण्यापासून साधी लस घेण्यापर्यंतच आहे.

साइड इफेक्टचं कुणी बोलत नाही, ते पण सांगा.

दंड दुखणं, एकदोन दिवस कणकण, हे बऱ्याच जणांना होतं. गंभीर गोष्टी विरळ आहेत पण आहेत, लपवायचं काही कारण नाही. एमआरएनए लसीनंतर मुख्यतः तरुण मुलांमध्ये हृदयाच्या स्नायूला सूज आल्याच्या केसेस झाल्या. फ्लूच्या लसीनंतर गिलॅन बारे, म्हणजे नसांचा आजार, दहा लाखांत एकदोन जास्तीच्या केस. आरएसव्ही लसींवरही गिलॅन बारेचा इशारा जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत लेबलवर घातला गेला. ज्याला आधी असं काही झालंय किंवा लसीची जोरात ऍलर्जी आलीय त्याने आधी डॉक्टरशी बोलावं. ७५ वर्षांच्या दमेकऱ्याचा हिशेब मात्र सरळ आहे, त्याला लसीपेक्षा त्या आजाराची भीती कितीतरी जास्त.

घरचं कुणी श्वासाच्या त्रासाने ऍडमिट झालं तर लसीबद्दल डॉक्टरांना काय सांगायचं?

कुठली लस आणि शेवटचा डोस कधी, महिना आठवला तरी चालेल. सर्टिफिकेटचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आणि मुख्य म्हणजे "लस घेतलीय, फ्लू नसेल" असं स्वतःच ठरवून टेस्ट टाळायची नाही, लस घेतलेल्यालाही फ्लू, कोविड होतो आणि टेस्ट वेळेत झाली तरच औषध वेळेत सुरू होतं. घरी असतानाही तेच, लस घेतलीय म्हणून दम लागणं अंगावर काढू नका, ऑक्सिजन ९४ च्या खाली दिसला, बोलताना धाप लागली, ओठ निळसर वाटले, म्हातारा माणूस एकदम गोंधळल्यासारखा बोलायला लागला, तर सकाळची वाट न बघता निघायचं.